वऱ्हाडचा ठोका

अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे प्रदर्शन होते. मी परीक्षक म्हणून गेलो होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या खोलीत तीन मुलांनी लॅपटॉपवर ईसीजीची हिरवी रेघ धावती ठेवली होती. त्यांचा प्रोग्राम एकेक ठोका तपासायचा आणि हा निरोगी, हा बिघडलेला, असा शेरा मारायचा. त्याची अचूकता मागच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती. माझ्या बाजूला साठीचे एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. एका दवाखान्यात ईसीजी काढण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती आणि आज ते भाच्याचा प्रकल्प पाहायला आले होते. रेघेवरची नजर न काढता त्यांनी विचारले, "कारे बापू, हा पेशंट कोन्या गावचा व्हय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांतला एक म्हणाला, "काका, हे रेकॉर्ड नंबर १०० आहे."

आजूबाजूचे हसले. मला मात्र तो प्रश्न सोडून जाईना. ही विद्या मी आयुष्यभर शिकवत आलो, कित्येक प्रबंधांच्या तोंडी परीक्षांना बसलो, पण इतका नेमका प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता आणि मलाही कोणी विचारला नव्हता.

रेकॉर्ड १०० हा ६९ वर्षांचा एक पुरुष आहे. १९७५ ते १९७९ या काळात अमेरिकेत, बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयातल्या प्रयोगशाळेने लोकांच्या हृदयाच्या चोवीस-चोवीस तासांच्या नोंदी घेतल्या. त्यांतून ४७ माणसांचे, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, ४८ तुकडे निवडले. दोन हृदयरोगतज्ज्ञांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक ठोक्यावर खूण केली आणि जिथे मतभेद झाला तिथे बसून तो मिटवला. असे सुमारे एक लाख दहा हजार ठोके. १९८० मध्ये हा संच जगाला मिळाला. एमआयटी-बीआयएच या नावाने तो ओळखला जातो. अमरावती असो, बडनेरा, अकोला की शेगाव, ईसीजीवर काम करणारा आमचा बहुतेक विद्यार्थी फिरून फिरून या ४७ जणांपाशीच येतो. २५ पुरुष, २२ बाया. त्यांतले कित्येक आज हयातही नसतील. त्यांचे ठोके मात्र वऱ्हाडातल्या वसतिगृहांत अजून चालू आहेत.

या संचाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तो करणाऱ्यांनी किती विचार केला होता हे एका आकड्यावरून कळते. ठोक्याची रेघ संगणकात भरताना तिचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे, हे ठरवावे लागते. त्यांनी ३६० नमुने घेतले. तीनशे साठच का? अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे. घरातल्या, दवाखान्यातल्या प्रत्येक तारेतून तिचा गुणगुणाट हवेत पसरतो आणि नोंदीत शिरतो. ३६० ला ६० ने भागले की बरोबर सहा येतात, आणि हिशेब असा पुरा बसला की तो गुणगुणाट अगदी सोप्या फिल्टरने काढून टाकता येतो. म्हणजे त्यांच्या संचाच्या हाडापर्यंत त्यांच्या गावची वीज मुरलेली आहे. संशोधन असे असते. ते जिथे होते, तिथले पाणी त्याला लागलेले असते.

आता आमच्याकडे काय होते ते पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. ३६० ला ५० ने भागले तर ७.२ येतात, हिशेब पुरा बसत नाही. आमचा विद्यार्थी बोस्टनची नोंद घेतो, संगणकावर ५० हर्ट्झची गुळगुळीत, एकसारखी लाट तयार करून तिच्यात मिसळतो, मग फिल्टर लिहून तीच लाट परत काढतो, आणि आधीचा-नंतरचा आलेख शेजारी शेजारी छापतो. आपणच ताकात पाणी घालायचे आणि आपणच ते वेगळे काढून दाखवायचे. गणित शिकण्यासाठी हे उत्तम आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडून मी ते आवर्जून करून घेईन. पण त्यावर पीएचडी मिळते तेव्हा मला काळजी वाटते.

कारण वऱ्हाडातली खरी खरखर तशी नसते. रेडिओ ऐकलेल्या पिढीचा हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण विज्ञानात ज्याला नॉइज म्हणतात त्याला इतका नेमका मराठी शब्द दुसरा नाही. दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यात ईसीजी काढायला बसा. शेजारच्या विहिरीवर मोटर सुरू होते आणि दिव्याचा उजेड क्षणभर बसतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक लाटेचा तुकडा कापून काढतो, म्हणून ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० अशी तिची पिलावळ नोंदीत येते. लाइन गेली की इन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लाट गोल नसते, चौकोनी असते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, अंगावर घामाचे पाट वाहतात, इलेक्ट्रोडखालचे जेल सुकते, त्वचेचा रोध दर मिनिटाला बदलतो आणि रेघ भरतीच्या पाण्यासारखी वरखाली होत राहते. हृदयाचा ठोका छातीवर मोजला तर भरतो जेमतेम एक मिलिव्होल्ट. या सगळ्या गलबल्यातून तो एक मिलिव्होल्ट ओळखून काढणे हा इलेक्ट्रॉनिक्सचा फार सुंदर आणि फार अवघड प्रश्न आहे. तो प्रश्न आमच्या दारात उभा आहे. आम्ही त्याला घरात घेतलेले नाही.

क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणित मांडले, तेव्हापासून आमची शाखा एका वाक्यात सांगता येते: खरखरीतून संदेश वाचवणे. फोन, उपग्रह, ईसीजी, सोनोग्राफी, एमआरआय, सगळीकडे हेच एक काम चालते. म्हणून तर संपर्क आणि वैद्यक ही दोन टोके एकाच विभागात शिकवली जातात. यात एक गोष्ट मात्र पुस्तकात ठळकपणे लिहिलेली नसते. संदेशाचे गणित जगभर एकच आहे, खरखर मात्र गावोगावची निराळी. सूत्र बोस्टनहून आणता येते. खरखर इथेच मोजावी लागते.

संपर्काच्या बाजूला हाच प्रकार आहे, फक्त बोस्टनच्या जागी तोक्यो आहे. मोबाईलचा टॉवर कुठे उभा करायचा, त्याची लहर किती लांबपर्यंत पोचेल, हे काढायला आमची मुले ओकुमुरा-हाता सूत्र वापरतात. ओकुमुरा यांनी तोक्यो आणि आसपासच्या भागात गाड्या फिरवून लहरींची ताकद मोजली आणि १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. हाता यांनी त्या आलेखांवरून १९८० मध्ये सोपे सूत्र बांधले. तेच सूत्र घेऊन मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागा. घाटाचे एक वळण घेतले की फोनमधल्या काड्या नाहीशा होतात. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, खाली दऱ्या, दऱ्यांत वसलेली कोरकू आदिवासींची गावे, मध्ये सागाचे रान. उन्हाळ्यात हे रान निष्पर्ण असते आणि श्रावणात पानापानात पाणी भरलेले असते. ओले पान लहर शोषून घेते, म्हणजे एकाच जागी मे महिन्यातला सिग्नल आणि ऑगस्टमधला सिग्नल वेगळा. मेळघाटात गरोदर बाईची वेळ बहुधा त्या ओल्या ऑगस्टातच अवघड होते, कारण नदीनाल्यांना पूर असतो. सिग्नलची सगळ्यांत जास्त गरज आणि सिग्नलची सगळ्यांत वाईट अवस्था एकाच महिन्यात येतात. तोक्योच्या सूत्रात श्रावण नाही.

२०१६ मध्ये राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी धारणी तालुक्यातल्या हरिसालला डिजिटल गाव करण्याचा प्रयोग जाहीर केला. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात तिथे नेमके काय चालते आणि काय बंद आहे यावरून जाहीर सभांमध्ये वाद रंगला. मला त्या वादात कोणाचीही बाजू घ्यायची नाही. मला खटकते ते निराळेच. वाद झाला तो भाषणांत आणि चित्रफितींत. त्या खोऱ्यात लहर कुठवर जाते, कोणत्या महिन्यात किती पडते, याची वर्षभराची मोजणी घेऊन कोणी पुढे आले नाही. हे काम परतवाड्यापलीकडे दोन-तीन तासांच्या अंतरावर होते, आणि अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. आमची मुले एक वर्ष दर महिन्याला एक मीटर घेऊन त्या रस्त्याने गेली असती, तर वाद निकालात काढणारा कागद वऱ्हाडातून निघाला असता. हे होऊ शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून खेड्यांना इंटरनेट देता येते का, हे तपासायला आयआयटी मुंबईची माणसे पालघर जिल्ह्यातल्या गावांत गेली, तिथे मनोरे उभे केले आणि मोजत बसली. त्या लहरी लांब पल्ल्याच्या, झाडाझुडपांना आणि टेकड्यांना मोबाईलच्या लहरींपेक्षा कमी अडणाऱ्या. पालघरला जे मोजले गेले ते मेळघाटात पुन्हा मोजावे लागेल, कारण कोकणचे रान आणि सातपुड्याचे रान एक नाही.

यावर माझे सहकारी जे म्हणतात ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, सगळ्यांनी एकाच संचावर काम केले तरच कोणाची पद्धत सरस हे ठरते. प्रत्येकाने आपापल्या गावची नोंद घेतली तर जो तो आपल्या घरी पहिला. अगदी बरोबर. सामाईक माप लागतेच, आणि बोस्टनचा संच हे असे माप आहे. त्यावर जी पद्धत टिकत नाही ती दर्यापुरात टिकण्याची शक्यता नाही. पण माप म्हणजे माल नव्हे. मापाने तोलून झाल्यावर धान्य तरी दाखवायला हवे. बोस्टनवर पद्धत पारखून घ्या, मग ती अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन जा आणि किती घसरते ते प्रामाणिकपणे लिहा. त्या घसरणीत खरे संशोधन आहे. नेमके तेच प्रकरण आमच्या प्रबंधांत नसते.

का नसते, याला कारणे आहेत, आणि ती फक्त आळसाची नाहीत. २००९ च्या नियमांनी यूजीसीने पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. हेतू चांगला असेल, पण त्यातून पेपर पाडण्याची एक बाजारपेठ उभी राहिली. उतरवून घेतलेल्या संचावर तीन महिन्यांत पेपर होतो. रुग्णांच्या नोंदी घ्यायच्या तर आधी नीतिसमितीची परवानगी, मग डॉक्टरांचा वेळ, मग प्रत्येक माणसाची समजून-उमजून दिलेली संमती, म्हणजे पहिली रेघ उमटायलाच वर्ष जाते. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण सवय राहिली. दुसरे कारण आमच्या शहरांच्या रचनेत आहे. अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे, १९८४ पासून डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या त्या शहरात या इमारती एकमेकींपासून ऑटोने जाण्याच्या अंतरावर आहेत. तरी इलेक्ट्रॉनिक्सचा गाइड आणि मेडिसिनचा डॉक्टर एका टेबलावर चहा प्यायलेले मी क्वचितच पाहिले. डॉक्टरला वाटते, ही मंडळी आकडे मागायला आली. इंजिनिअरला वाटते, साहेबांना वेळ नाही. मीही कित्येक वर्षे त्या गेटवरून स्कूटर पुढे काढली आहे. आत गेलो असतो तर माझ्या विद्यार्थ्यांचे भले झाले असते, आणि याची खंत मला आहे.

अडचणी मोठ्या असतात म्हणून काम होत नाही, हे मात्र मी मानत नाही. आपल्या देशातले इलेक्ट्रॉनिक्सचे जे काम अभिमानाने सांगावे, ते जवळजवळ सगळे इथल्या अडचणीतूनच जन्मले आहे.

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. परदेशी टेलिफोन एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे, आणि आपल्या खेड्यात पंख्यालाही वीज नव्हती. सी-डॉटच्या माणसांनी १२८ लाइनींचे एक्सचेंज असे रचले की त्याला एसी लागू नये, उष्मा आणि धूळ त्याने सोसावी. १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला लागले आणि नंतर देशभर पसरले. पिवळे एसटीडी बूथ ज्यांना आठवतात त्यांना ते काय होते हे सांगायला नको. ४५ अंशांचा उन्हाळा हा त्या संशोधकांनी अडथळा मानला नाही, रचनेचा पहिला आकडा मानला.

संगणकाचे उदाहरण तर आपल्या मातीतलेच आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ चा, मुरंबा या गावचा. तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. शिक्षणाने ते अभियंते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक फार मोठा प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून अनेक छोटे प्रोसेसर समांतर जोडून काम भागवले. पुढे याच सी-डॅकने ई-संजीवनी ही दूरवैद्यकाची व्यवस्था बांधली. ती २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले दिले गेले होते. आज मेळघाटातल्या उपकेंद्रात बसलेली नर्स पडद्यावर डॉक्टरला गाठते, तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यातून निघालेली एक वाट पुण्यावरून फिरून धारणीला येते. फक्त शेवटच्या त्या घाटात सिग्नल तुटतो.

मला सगळ्यांत जवळचे वाटते ते तिसरे उदाहरण, आणि ते फारसे कोणाला माहीत नाही. १९४० मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला, तो रडारसाठी. सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरी जोरात फेकायच्या आणि शत्रूच्या विमानावरून परत आलेली लहर पकडायची. युद्ध संपल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की याच लहरींवर इलेक्ट्रॉनला स्वार करता येईल. तांब्याच्या पोकळ्यांच्या मालिकेतून मॅग्नेट्रॉनची लहर सोडली की इलेक्ट्रॉन तिच्या बळावर प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातात, टंगस्टनवर आदळतात आणि त्यातून तीव्र क्ष-किरण निघतात. ते कॅन्सरच्या गाठीवर रोखता येतात. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने पहिला उपचार झाला. संपर्काचे आणि वैद्यकाचे नाते याहून सरळ मला दुसरीकडे दिसलेले नाही. एकाच नळीत एक टोक आकाश पाहते, दुसरे गाठ जाळते.

हे यंत्र परदेशातून घ्यायचे तर छोट्या रुग्णालयाच्या आवाक्याबाहेर. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९७७ पासून मायक्रोवेव्हवर काम करणारा एक गट होता. त्यातून १९८४ मध्ये समीर ही संस्था आयआयटीच्या आवारात उभी राहिली. त्यांनी रडारही केले आणि कॅन्सर-उपचार यंत्रही केले. पहिले चंदीगडच्या पीजीआयमध्ये गेले, आणि पुढच्या यंत्रांपैकी एक सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात आले. सेवाग्राम म्हणजे आमच्या अमरावतीकरांना शेजारचे. वऱ्हाडातला कापूस पिकवणारा माणूस गाठ घेऊन जिथे जातो, तिथे मराठी मुलुखात बनलेले ते यंत्र उभे राहिले. आमच्या मायक्रोवेव्हच्या तासाला मी मुलांना मॅग्नेट्रॉनचा छेद काढायला लावायचो आणि सेवाग्रामचे नाव घ्यायचो नाही, कारण पुस्तकात ते नव्हते. आता घेतो.

उलट बाजूचे एक उदाहरण आपण सगळ्यांनी अंगावर झेलले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सर्वांत आधी उसळली ती अमरावती-अकोल्यात. २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. शेजारी एकमेकांना फोनवर आकडे सांगत, ९४ आहे, ९२ आहे, आणि त्या आकड्यावर दवाखान्यात न्यायचे की थांबायचे ते ठरायचे. हे उपकरण जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेवर चालते. बोटातून एक लाल आणि एक अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे आणि रक्ताने कोणता किती गिळला ते मोजायचे. पण प्रकाश रक्तापर्यंत जातो तो त्वचेतून. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले की ऑक्सिमीटरने ठीक म्हटलेल्या रुग्णांत प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. उपकरण खोटे बोलत नव्हते. ज्या बोटांवर त्याला मोजायला शिकवले, त्यांत ही बोटे पुरेशी नव्हती, एवढेच. मग उन्हात राबून करपलेल्या आमच्या मजुराच्या बोटावर ते किती चुकते? विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच लॅन्सेटमधून जगाला सांगितले होते. कोरकूंमध्येही तो आजार आहे. सिकलसेलच्या रक्तावर या आकड्याचा भरवसा आणखी कमी होतो. एवढे सगळे ठाऊक असताना, जिथे दुसरी लाट सुरू झाली त्या जिल्ह्यात आमच्या शाखेचे मीटर कपाटात होते आणि आम्ही ऑनलाइन तास घेत होतो.

कोणता प्रश्न धरावा हे शिकायचे तर मी मुलांना गडचिरोलीला पाठवीन. डॉ. अभय बंग यांच्या गटाने बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटाला किती ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंतच्याला ४०, इतके किंवा याहून जास्त झाले की धोका. आता गावातल्या दाईला साठपर्यंत मोजणे जमत नसेल तर? बंग यांच्या गटाने मणी सरकवायचे आणि वाळूच्या घड्याळाचे साधे साधन केले. दहा श्वासांना एक मणी. त्यात ट्रान्झिस्टर एकही नाही. तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाने त्याच्यापुढे नम्र व्हावे असे ते साधन आहे, कारण कोण मोजणार, कुठे मोजणार आणि तिच्या हातात काय मावेल, हे त्यात आधी विचारले आहे. आमच्या प्रकल्पांत आधी चिप ठरते आणि मग तिला रोगी शोधला जातो.

असा एक प्रश्न तर आमच्या पायाखाली आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गावोगावी विहिरीचे पाणी खारे, आणि मूत्रपिंडाच्या आजाराची कुजबुज घरोघरी. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते. म्हणून पाण्याची चालकता मोजली की क्षारांचा अंदाज येतो. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असे भारतीय मानक सांगते. हे मोजणारे उपकरण दुसऱ्या वर्षाचा मुलगा करू शकतो. अवघड आहे ते दोन वर्षे विहिरीत टिकणारे, क्षाराचा थर चढूनही खोटे न बोलणारे उपकरण करणे आणि त्याचा आकडा दर आठवड्याला तालुक्याला पोचवणे. पाणी आणि आजार यांचे नाते आहे की नाही, असल्यास केवढे, हे अशा वर्षानुवर्षांच्या मोजणीशिवाय कोणी सांगू शकणार नाही. सेन्सर, रेडिओ आणि वैद्यक ही तिन्ही एका विहिरीपाशी येतात. हा प्रबंध बोस्टनमध्ये होऊच शकत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. वऱ्हाडने स्वतःचा नोंदसंच करावा. अमरावती आणि अकोल्याच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून काहीशे माणसांचे ईसीजी घ्यावेत: शेतमजूर, गरोदर बाया, म्हातारी माणसे, मेळघाटातली आणि खारपाणपट्ट्यातली. प्रत्येक नोंदीसोबत त्या वेळची वीज, ऊन, शेजारची मोटर हेही लिहून ठेवावे. ठोक्यांवर खुणा दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कराव्यात, बोस्टनला झाल्या तशाच. नावे पुसून टाकावीत. संमती त्या माणसाच्या भाषेत घ्यावी, कोरकू माणसाकडून कोरकूत. मेळघाटात आकडे गोळा करायला आलेल्या आणि परत न फिरकलेल्या लोकांचा अनुभव पुष्कळ आहे, त्यात आणखी भर नको. ज्याचा ईसीजी काढला, त्याच्या हाती त्याचा निकाल त्याच दिवशी पडलाच पाहिजे. आणि विद्यापीठाने एवढे मान्य करावे की असा संच काळजीपूर्वक तयार करणे हे पूर्ण पीएचडीचे काम आहे, मग त्यात एकही नवे सूत्र नसले तरी चालेल. आमच्या संशोधन समित्यांत या शेवटच्या वाक्यावरच भांडण होईल, हे मला माहीत आहे. मी ते भांडायला तयार आहे.

प्रदर्शनानंतर त्या तीन मुलांपैकी दोघे माझ्याकडे आले. काकांचा प्रश्न त्यांनाही सोडत नव्हता. पुढच्या रविवारी काका स्वतःच त्यांना दर्यापूरकडच्या आपल्या गावी घेऊन गेले, मीही गेलो. ओसरीवर काकांच्या सत्तरीच्या आत्याला खाटेवर झोपवले, काकांनी तीस वर्षांच्या सवयीने लीड लावल्या, मुलांनी लॅपटॉप उघडला. पहिली दोन मिनिटे रेघ सरळ चालली. मग प्रोग्रामने एकामागून एक लाल खुणा टाकायला सुरुवात केली: बिघडलेला ठोका, बिघडलेला ठोका. मुलांचे चेहरे उतरले, आत्याबाईही घाबरल्या. काकांनी मान वळवून वाड्यामागच्या विहिरीकडे कान दिला.

"थे मोटर सुरू झाली ना, बापू," ते म्हणाले. "बुडीचं हार्ट मस्त हाय."

त्यांच्यातल्या एका मुलाने वही काढली, तारीख घातली आणि लिहिले: नोंद १. स्त्री, वय सत्तरच्या आसपास. सकाळी ११.२०. पाच हॉर्सपॉवरची मोटर, सुमारे चाळीस फुटांवर.